दोन मिनिटे नूडल्सची, अंड्याची नव्हेत



अंडे कसे शिजवावे हा काय भाषणाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. ज्याला चूल पेटवता येते त्याला अंडे शिजवता येते. त्यात शिकवायचे ते काय? पण जरा थांबा. रांधायला अंड्याइतके सोपे दुसरे काही नाही हे खरे, आणि सोपे आहे म्हणूनच त्यात घाई होते हेही तितकेच खरे. आज बोलायचे आहे ते या घाईविषयी.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, दर वर्षी कितीतरी मुले गाव सोडून शिकायला बाहेर पडतात. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर अशा ठिकाणी दोघेतिघे मिळून एक खोली करतात. कुणी कॉलेजात जातो, कुणी पोलीस भरतीची तयारी करतो. बाप कापूस-सोयाबीन विकून महिन्याचे पैसे पाठवतो. ते पुरवून पुरवून वापरायचे असतात. खानावळ रोज परवडत नाही. मग खोलीत एक शेगडी, एक तवा, एक पातेले, आणि रात्रीच्या जेवणाला पाकिटातल्या नूडल्स नि दोन अंडी. नूडल्स उकळायच्या, अंडी फेटून त्यांत कालवायची, सगळे तव्यावर पसरायचे, की झाले नूडल्सचे आम्लेट. तीस-पस्तीस रुपयांत एकाचे पोट भरते.

या जेवणाला नावे ठेवायला मी आलेलो नाही. नुसत्या नूडल्स म्हणजे मुख्यतः मैदा आणि तेल. त्यांत अंडी पडली की तेच अन्न अंगी लागणारे होते. एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. साठ किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे दोन अंड्यांनी त्यातला चौथा हिस्सा भागतो. इतक्या स्वस्तात इतकी चांगली प्रथिने देणारे पदार्थ फार थोडे. अंडे न खाणाऱ्यांनी हाच बेत बेसनाच्या धिरड्यात करावा, तोही छान होतो. पण जे अंडे खातात त्यांच्यासाठी अडचण एकच आहे: पाकिटावरची ती दोन मिनिटे.

शेवया आपल्याला काही नव्या नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे बाया काडीवर सरगुंडे वळतात, कुरडया घालतात, खाटेवर शेवया वाळवतात. पाकिटातल्या नूडल्सची युक्ती मात्र जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अन्नाची टंचाई होती. त्या आठवणीतून मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी झटपट शिजणारी शेवई शोधली आणि १९५८ साली ती बाजारात आणली. आपण शेवई उन्हात वाळवतो. त्यांनी ती शिजवून गरम तेलात तळली. तळताना आतल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते नि शेवईत बारीक बारीक भोके राहतात. पुढे उकळते पाणी त्या भोकांतून आत शिरते, म्हणून ती लवकर मऊ होते. सांगायचे तात्पर्य हे की ती शेवई कारखान्यात आधीच शिजलेली असते. दोन मिनिटांत ती फक्त मऊ करायची असते.

अंडे असे आधी शिजलेले नसते. ते कच्चेच तुमच्या तव्यावर येते. नूडल्सची दोन मिनिटे अंड्याला लावली तर अंडे कच्चे राहते. आणि या आम्लेटात ते कच्चे राहिलेले दिसत नाही! साधे आम्लेट पातळ असते. त्याचा ओला भाग डोळ्यांना कळतो. नूडल्सचे आम्लेट पडते जाड. शेवयांच्या गुंत्यात अंड्याचा रस अडकून बसतो. तव्याकडची बाजू खरपूस होते, उलटल्यावर दुसरीही होते, वरून मसाल्याचा पिवळा-तांबडा रंग. पाहणाऱ्याला वाटते, झाले. मधोमध मात्र रस तसाच असतो. भाकरीचा पापुद्रा भाजला नि पोट कच्चे राहिले, तसाच हा प्रकार.

आता कुणी विचारील, "काऊन बा, थोडं कच्चं राह्यलं तर काय होते?"

बहुतेक वेळा काहीच होत नाही. हे मी आधीच कबूल करतो, कारण उगाच भीती घालून उपयोग नाही. बहुतेक अंडी चांगलीच असतात. पण अंड्याबरोबर सालमोनेला नावाचा एक जंतू येऊ शकतो. हा विषमज्वराच्या, म्हणजे आपण ज्याला टायफॉईड म्हणतो त्याच्या जंतूचा भाऊबंद. विषमज्वराचा जंतू माणसापासून माणसाला होतो. हा दुसरा कोंबडीच्या आतड्यात राहतो. तो अंड्यात दोन वाटांनी येतो. पहिली वाट बाहेरची. अंड्याला कोंबडीची शिट लागते. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात, त्यांतून जंतू आत जाऊ शकतो. अंडे फोडताना तर कवचावरची घाण सरळ आतल्या रसात पडते. दुसरी वाट आतली. आजारी कोंबडीच्या पोटात, कवच तयार होण्याआधीच, जंतू अंड्यात शिरतो. असे अंडे वरून लख्ख असते. वासावरून, रंगावरून, बलकावरून काहीही कळत नाही.

पुष्कळांकडे अंडे पाण्यात टाकून पाहण्याची रीत आहे. बुडाले तर चांगले, तरंगले तर वाईट. रीत चांगली आहे, पण ती सांगते अंड्याचे वय. दिवस जातात तशी अंड्यातली हवेची पोकळी वाढते, म्हणून जुने अंडे तरंगते. बुडालेले अंडे ताजे खरे; त्यात जंतू नाही अशी हमी मात्र पाणी देत नाही.

या जंतूला ऊब आवडते. अनुकूल ऊब मिळाली तर तो वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो. अर्ध्या तासाला दुप्पट धरले तरी एकाचे चार तासांत अडीचशेच्या वर होतात. आता आपला उन्हाळा आठवा. बुलढाणा गाव घाटमाथ्यावर, तिथे त्यातल्या त्यात बरे. पण राजूरचा घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडे गेलात की एप्रिल-मे महिन्यांत भट्टीच लागलेली. टपरीवर उन्हात ठेवलेले अंड्यांचे ट्रे तुम्ही पाहिलेच असतील. थंड मुलखात जे अंडे आठवडाभर निवांत राहते, ते इथे राहीलच असे धरून चालता येत नाही.

मग उपाय काय? उपाय आगीत आहे आणि तो फुकट आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, बलक ६५च्या पुढे, आणि ७० अंशांच्या आसपास सगळे अंडे घट्ट होते. सालमोनेला खात्रीने मरावा म्हणून अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत तापवावेत असे तज्ज्ञ सांगतात. हे दोन आकडे किती जवळ आहेत पाहा! म्हणजे घरात उष्णतामापक नसला तरी बिघडत नाही. अंडे स्वतःच उष्णतामापक आहे. ते आतपर्यंत घट्ट झाले, कुठेही ओला रस उरला नाही, की समजावे, पुरेशी उष्णता लागली.

गुरुजींनी नि बाईंनी हे वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. काचेच्या परीक्षानळीत थोडा पांढरा बलक घ्या आणि नळी गरम पाण्यात धरा. आरपार दिसणारा रस पाहता पाहता दुधासारखा होतो. प्रथिनांचे रेणू म्हणजे जणू सुताच्या गुंड्या. उष्णतेने त्या उलगडतात नि एकमेकींत गुंततात. आपल्या कापसाच्या मुलखातल्या मुलांना ही उपमा चटकन कळेल. आणि एकदा घट्ट झालेले अंडे पुन्हा पातळ का होत नाही, या प्रश्नावर एक तास सहज रंगेल.

आता नूडल्सचे आम्लेट नीट कसे करावे ते सांगतो. घरात आया-बहिणींना यातले पुष्कळ ठाऊक आहे. खोली करून राहणाऱ्या पोरांनी मात्र कान द्यावा.

एका पाकिटाला दोन अंडी घ्या. नूडल्स पाण्यात उकळून मऊ करा आणि उरलेले पाणी निथळून टाका. पाणी राहिले तर ते अंड्यात उतरते, आम्लेट चिकट होते नि शिजायला वेळ लावते. नूडल्स ताटात पसरून दोन मिनिटे वाफ जाऊ द्या. तोवर अंडी फोडा, पण एकेक अंडे आधी वाटीत फोडून पाहा नि मग भांड्यात घाला. एखादे नासके निघाले तर सगळे वाया जात नाही. अंडी फोडल्यावर हात साबणाने धुवा. कवचाला लागलेला हात तसाच कोथिंबिरीला, पोळीला, पाण्याच्या माठाला लावू नका. अंड्यात बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर घाला. पाकिटातला मसाला अर्धाच वापरा आणि वरून मीठ घालू नका. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या मसाल्यात मीठ भरपूर असते.

आता तवा. चमचाभर तेल टाका नि मिश्रण पातळ पसरा. करंगळीच्या जाडीपेक्षा थर जाड नको. दोघांचे करायचे असेल तर दोनदा करा. एकाच वेळी सगळे ओतण्याचा मोह आवरा. आच मंद ठेवा आणि वर झाकण घाला. आच मोठी केली तर बूड करपते नि पोट कच्चे राहते. झाकण घातले तर वाफ कोंडून वरूनही शिजते. तीन-चार मिनिटांनी उलटा. अख्खे उलटत नसेल तर उलथण्याने चार तुकडे करून एकेक उलटा. आम्लेट गोल राहिले नाही म्हणून कुणी दंड करीत नाही. दुसऱ्या बाजूने आणखी दोन-तीन मिनिटे. मग परीक्षा घ्या: मधोमध उलथण्याने चीर पाडा नि दाबा. चकचकीत ओला रस वर आला तर पुन्हा झाकण घाला. कोरडे, घट्ट दिसले तर ताटात घ्या. मिनिटे मोजून भागत नाही, कारण तवा जाड-पातळ असतो, शेगडी कमीजास्त असते. मधली चीर मात्र खोटे बोलत नाही. कच्चे अंडे ज्या भांड्यात फेटले त्याच भांड्यात शिजलेले आम्लेट काढू नका, आणि केलेले गरम गरम खा.

हेच उकडलेल्या अंड्याला लागू. पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटे अंडे उकळू द्यावे, म्हणजे बलक मधोमध घट्ट होतो.

शाळेचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे सांगतो. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे देण्याचे ठरवले. न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा दुसरे फळ. पुढे जानेवारी २०२५मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला आणि अंडे द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्यावे असे शाळांना सांगण्यात आले. म्हणजे ज्या गावाला आपल्या लेकरांना अंडे द्यायचे आहे, त्या गावाने वर्गणी काढायची. ज्या पोराला घरी अंडे दिसत नाही, त्याच्या ताटात ते वर्गणीच्या पैशाने येते. असे अंडे कच्चेपणाने किंवा हेळसांडीने वाया जाऊ नये, आणि पोरे आजारी पडून सगळी योजनाच बदनाम होऊ नये, ही जबाबदारी आपली.

तेव्हा शाळेत अंडी पूर्ण उकडा, आणि जेवणाच्या वेळेच्या अगदी आधी उकडा. सकाळी सातला उकडून, सोलून, पातेल्यात झाकून दुपारी एकला वाढू नका. उकडताना कवचावरचे नैसर्गिक संरक्षण निघून जाते. सोललेल्या अंड्याला तर हातांचे जंतूही लागतात. शिजलेले अंडे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत संपवावे, असा नियम आहे. आपल्याकडे ३२ अंश म्हणजे उन्हाळ्यातली सकाळच! डब्यात आम्लेट बांधून शेतावर जाणाऱ्यांनीही हा हिशेब ध्यानात धरावा. दुपारच्या भाकरीबरोबर ठेचा, चटणी चालेल. अंडे सकाळच्या न्याहारीला खाऊन घ्यावे.

आणखी एक वर्ग आहे, त्यांच्याशी मुद्दाम बोलायचे आहे. पहाटे डांबरी सडकेने धावणारी पोरे तुम्ही गावोगाव पाहता. पोलीस भरती, सैन्यभरती. धावून आले की ग्लासात तीन-चार कच्ची अंडी फोडून घटाघटा पितात. कच्च्याने जास्त ताकद येते असा समज आहे. बाळांनो, हिशेब उलटा आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजून प्रसिद्ध केले आहे: शिजवलेल्या अंड्यातली शेकडा नव्वदांच्या वर प्रथिने शरीर पचवून घेते, कच्च्यातली शेकडा पन्नासच्या आसपास. म्हणजे चार कच्ची अंडी प्यालात तर दोनांच्या आसपासच अंगी लागली, आणि पैसे चारांचे गेले. वर जुलाब लागले तर मैदानी चाचणीच्या दिवशी सडकेऐवजी शेताची वाट धरावी लागेल.

"पण आमच्या आज्याने जन्मभर गावरान कोंबडीचं कच्चं अंडं खाल्लं, त्याले तं काही झालं नाही." हेही नेहमी ऐकू येते. आज्याचे नशीब चांगले आणि अंडे तासाभरापूर्वीचे, खुराड्यातून हातात आलेले. पण कोंबडी गावरान आहे म्हणून तिच्या पोटात हा जंतू नाही, असे नाही. उकिरडा उकरणारी कोंबडी तो कुठूनही उचलू शकते.

ही गोष्ट मोठमोठ्या देशांनाही सोपी गेलेली नाही. १९८८च्या डिसेंबरात ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या उपमंत्री एडविना करी यांनी जाहीर सांगितले की देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात सालमोनेला शिरला आहे. एकच गदारोळ उठला, अंड्यांचा खप घसरला, आणि बाईंना दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा लागला. त्यांनी 'बहुतेक' म्हटले ते जास्त होते. जंतू होता हे मात्र खरे. पुढे १९९८पासून तिथल्या कोंबडीपालकांनी कोंबड्यांना लस टोचणे आणि तपासलेल्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारणे सुरू केले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, २०१७ साली, त्या शिक्क्याचे अंडे गरोदर बायांनी नि लहान मुलांनी अर्धकच्चे खाल्ले तरी चालेल असे तिथल्या अन्नखात्याने सांगितले. जपानात कच्चे अंडे भातावर घालून खातात, पण तिथे अंडी धुऊन तपासतात नि कच्चे कोणत्या तारखेपर्यंत खावे हे छापून विकतात. दुसऱ्या देशातल्या माणसाला मोबाईलवर पातळ बलकाचे आम्लेट खाताना पाहून आपण तसे करू नये. त्याच्यामागे लस आहे, शिक्का आहे, तारीख आहे, थंड पेटी आहे. आपल्या टपरीवरच्या सुट्या अंड्यावर यातले काही लिहिलेले नसते. आपला शिक्का म्हणजे आपला तवा.

बाजारच्या दिवशी गाडीवर आम्लेट खाताना एवढेच पाहा. गाडीवाल्याने सकाळीच तीस अंडी मोठ्या भांड्यात फेटून उन्हात ठेवली आहेत, की तुमच्यासमोर फोडतो आहे? एका भांड्यात तीस अंडी एकत्र केली की एका वाईट अंड्याचा जंतू तिसांना लागतो. "भाऊ, समोर फोडा नि पक्कं भाजा" एवढे म्हणायला लाजू नका. अंडी आणल्यावर घरात सावलीत, थंड जागी ठेवा. ठेवण्यापूर्वी धुऊ नका, कारण धुण्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. तडकलेले अंडे घेऊ नका, स्वस्त मिळाले तरी.

एवढी काळजी घेऊनही कुणाला बाधा झालीच, तर लक्षणे ओळखा. खाल्ल्यापासून सहा तासांनी, कधी दोन-तीन किंवा अधिक दिवसांनी, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, ताप चढतो, उलट्या होतात. धडधाकट माणूस चार ते सात दिवसांत आपोआप बरा होतो. धोका असतो तो पाच वर्षांखालच्या लेकरांना, म्हाताऱ्यांना, गरोदर बायांना आणि आधीच आजारी असलेल्यांना. धोक्याचे कारण बहुधा अंगातले पाणी जाणे. म्हणून ताबडतोब जलसंजीवनी सुरू करा. आशाताईंकडून पाकीट मिळाले तर उत्तम. नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवा नि घोट घोट पाजत राहा. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नका. शौचातून रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल, लघवी कमी झाली असेल, लेकरू मलूल पडले असेल, तर घरी थांबू नका; प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दुकानातून मनानेच गोळ्या आणून घेऊ नका.

श्रोतेहो, गरिबाचे अन्न साधे असते, पण ते कच्चे असण्याचे काही कारण नाही. एका आजारपणात जाणारी मजुरी, एसटीचे भाडे, डॉक्टरचे पैसे, बुडालेली परीक्षा, या सगळ्यांच्या बदल्यात आपल्याकडून मागितली जातात ती तव्यावरची आणखी चार-पाच मिनिटे आणि एक झाकण. आज रात्री ज्यांच्या खोलीवर नूडल्सचे आम्लेट होणार असेल, त्यांनी ताटात घेण्याआधी मधोमध एक चीर पाडून पाहावी. रस दिसला तर झाकण पुन्हा घालावे. भूक तेवढा वेळ थांबते.